बडोद्यात सराव करून हवाईचा हालेआकाला रस्ता एकट्यानं पळता येईल का?

येईल, पण बडोद्याच्या सपाट रस्त्यांवरचा वेग तिथे विसरा. समुद्रकाठापासून हालेआकाला ज्वालामुखीच्या 3,055 मीटर उंच माथ्यापर्यंत सुमारे 58 किमी, म्हणजे सरासरी 5 टक्के चढ, आणि उसंत जवळपास नाहीच.

सरावाला पावागड उत्तम (तोही ज्वालामुखीच्याच खडकाचा). चांपानेर ते माची हा साधारण 5 किमीचा चढ आठवड्यातून एकदा पहाटे तीन-चार वेळा करा, नवरात्रातली गर्दी टाळून. 8 मिनिटं पळणं, 2 मिनिटं झपझप चालणं. चालायला लाजू नका. पहिल्या 20 किमीत धाप लागली तर पुढचं गणित बिघडलंच. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आधी कुरकुरतात, म्हणून फेऱ्या हळूहळू वाढवा.

खरी अडचण खाण्यापिण्याची. वरच्या राष्ट्रीय उद्यानात खाणं विकत मिळत नाही. दीड-दोन लिटर पाणी पाठीवर, तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं (चिक्की, खजूर चालतात) आणि मीठ. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं.

माथ्यावर पायथ्यापेक्षा 18-20 अंश थंड असतं. घामानं भिजलेला माणूस थांबताच गारठतो. वाऱ्याचं जाकीट, टोपी, हातमोजे हवेतच. 2,500 मीटरनंतर डोकं दुखून मळमळलं तर सरळ खाली उतरा.

तिथे वाहनं उजवीकडून चालतात, तेव्हा तुम्ही डावीकडून, समोरची गाडी दिसेल असं पळा. उतरायला गाडी आधीच ठरवा. तो उतार पळून मांड्या पार निकामी होतात.