न्यू जर्सीत नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय, एचएसएवाला जास्त डिडक्टिबलचा आरोग्य विम्याचा प्लॅन घ्यावा का?

एचएसए म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं, आणि डिडक्टिबल म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम. नुसता हप्ता बघू नका, वाईट वर्षाचा हिशोब मांडा. उदाहरणादाखल हे आकडे घेऊ. साध्या प्लॅनचा हप्ता महिन्याला ५२० डॉलर, वर्षाची खर्चमर्यादा (उपचारांवर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त जाणारे पैसे) ६,०००. एचएसएवाल्याचा हप्ता ३८०, मर्यादा ८,५००. म्हणजे धडधाकट वर्षात १,६८० वाचतात. हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं तर मात्र यात हप्त्यांसकट एकूण १३,०६० जातात, साध्या प्लॅनमध्ये १२,२४०. फरक फक्त ८२०.

त्यात एचएसए धरा. २०२६ मध्ये एकट्याला ४,४०० पर्यंत भरता येतात. तुम्ही २२ टक्के कराच्या टप्प्यात असाल तर फेडरल कर ९६८ नं कमी होतो, आणि तो ८२० चा फरक तिथेच भरून निघतो. न्यू जर्सी (आणि कॅलिफोर्निया) राज्य करात मात्र ही सूट देत नाही.

खरी अडचण रोख पैशाची. जानेवारीत पाय मोडला आणि एचएसएत दोनशेच डॉलर असतील, तर ही आकडेमोड काही कामाची नाही. डिडक्टिबलएवढे पैसे बाजूला नसतील किंवा महागडं औषध कायमचं चालू असेल, तर मी साधा प्लॅनच घेईन. वार्षिक तपासणी, लसी दोन्हीकडे फुकटच.

जाता जाता: पुण्यात जाऊन रूट कॅनल केलंत तरी एचएसएतून पैसे काढता येतात. फक्त खातं आधी उघडलेलं हवं, आणि डेंटिस्टकडून पक्की पावती मागून घ्या.