बाप मिस्त्री, आता पोरगाही म्हणते मिस्त्रीच व्हायचं!

ताई, तुमचं पत्र वाचलं. मिस्टर 20 वर्षांपासून मिस्त्रीकाम, म्हणजे गवंडीकाम, करतात, मुलगा दहावीला 54 टक्क्यांनी पास झाला, सुट्टीत बाबांसोबत हुडकेश्वरकडच्या साइटवर गेला आणि आता म्हणून राहिला की मलाही हेच करायचं, अन् बाबा म्हणतात मी उन्हात जळलो तेवढं पुरे. तुम्ही मधात सापडल्या.

आधी एक सांगते, बाबांचा राग खोटा नाही. सकाळी ठिय्यावर उभं राहून काम मिळते की नाही याची वाट पाहणं त्यांनी भोगलं आहे. पण तो राग ठिय्याचा आहे, विटेचा नाही, हे दोन वेगळे करा.

काम स्वतः काही हलकं नाही हो. मागे आमची कंपाउंडची भिंत बांधली, ऐन मे महिन्यात, नागपूरचं ऊन तुम्हाला काय सांगू. विटा टाक्यात न भिजवताच लावल्या, कोरड्या विटेनं सिमेंट-रेतीच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतलं आणि वरून पाणी मारलं ते सकाळी एकदा पाइप फिरवला तेवढंच, सात दिवस भिंत ओली ठेवायला पाहिजे होती. दिवाळीला मी सहज किल्लीनं सांधा खरवडला तर रेती भुरभुर खाली. सिमेंट पूर्ण टाकलं होतं बरं का, पाणीच मिळालं नाही त्याला. म्हणजे पैसे माझे गेले आणि कारण होतं टाक्यात बुडवलेल्या विटेतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत न थांबणं आणि भिंत ओली न ठेवणं, बस.

हे सगळं तुमच्या मिस्टरांच्या हातात आहे, फक्त कागदावर नाही. म्हणून या रविवारी त्यांना म्हणा, पोराकडून चार थर लावून घ्या. उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही ना, दोरी ताणून घेतो का, कोपरा 3-4-5 नं (एका बाजूला 3, दुसरीला 4, तर तिरकं 5) मापून काटकोनात धरतो का, आणि मुख्य म्हणजे ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का पाहायचं दोरीचं वजन) लावल्यावर भिंत बाहेर गेलेली दिसली तर गुपचूप मसाला भरून झाकतो की वीट काढून परत लावतो. काढून लावत असेल तर त्याला या लाइनमध्ये अडवू नका, माझं स्पष्ट मत.

मग एक हिशोब द्या. 3 मीटर लांब, 3 मीटर उंच, 20 सेंटिमीटर जाड भिंत, विटा किती? घनमीटरला साधारण 500 मॉड्युलर विटा धरतात, तर 1.8 घनमीटरला 900. नऊ इंची भिंतीला मसाला 1:6 (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) आणि चार इंची पार्टिशनला 1:4 का, हे त्यानं बाबांना विचारलं तर अजूनच छान. हिशोबात रमत असेल तर सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करू द्या. नागपुरात सदर भागातल्या सरकारी पॉलिटेक्निकला 54 वर नंबर लागेलच असं नाही, पण फॉर्म भरायला काय जाते. हातच चालतो, पुस्तक नको, असं असेल तर आयटीआयचा मेसन ट्रेड एक वर्षाचा, किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल दोन वर्षांचा. कोणत्या आयटीआयला कोणता ट्रेड, ते अॅडमिशनच्या पोर्टलवर पाहून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. डिप्लोमावाला सुपरवायझर पुष्कळ मिळतो, पण हातात करणी धरून चूक दाखवणारा सुपरवायझर मिस्त्री लोक मनापासून ऐकतात, तुमच्या पोराकडे ते घरूनच येईल.

18 पूर्ण होईपर्यंत मात्र रोजीवर पाठवायचं नाही. आणि मिस्टरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? 18 ते 60 वय आणि वर्षभरात 90 दिवस काम लागते. नसेल तर आधी ती करा, मुलांच्या शिक्षणासाठीही तिथून मदत मिळते.

मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला अन् उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन फॉर्मच्या वेळी सेतूवर मोठी लाइन असते.