उबंटू काढल्यावर ‘ग्रब रेस्क्यू’वर अडकलात?

घाबरू नका, विंडोज जागेवरच आहे. उबंटूचं पार्टिशन (डिस्कचा भाग) उडवलंत, पण ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा उबंटूचा प्रोग्राम, मागे राहिला आणि तो आता पुसलेल्या फायली शोधत बसलाय. फॉरमॅट तर मुळीच करू नका.

यूईएफआय (मशीन सुरू करणारी नवी पद्धत) मशीन असेल तर चालू करताच एफ२ किंवा डिलीट दाबत राहा (कंपनीगणिक की बदलते), बूट ऑर्डरमध्ये (आधी काय सुरू करायचं तो क्रम) ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वात वर आणा, सेव्ह करा. बहुतेकदा एवढ्यावरच भागतं. ईएफआय पार्टिशनमधलं (इथे सिस्टिम सुरू करणाऱ्या फायली असतात) उबंटूचं फोल्डर नंतर सावकाश काढा. अख्खं ईएफआय पार्टिशन उडवलंत तर विंडोजही उठणार नाही.

जुनं एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदीवरून सुरू होणारं) मशीन असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जा, कमांड प्रॉम्प्टवर ‘बूटरेक’, स्पेस, ‘/फिक्सएमबीआर’ (अर्थात इंग्रजीत). बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.