छोट्या प्रेशराइज्ड (केबिनमध्ये हवेचा दाब राखणाऱ्या) विमानात हायपॉक्सियाच्या (शरीराला ऑक्सिजन कमी पडण्याच्या) सूचनेसाठी बोटाचा ऑक्सिमीटर पुरे, की केबिनच्या दाबाचा वेगळा अलार्मही घ्यावा?

वेगळा, बॅटरीवर चालणारा अलार्म घ्याच; ऑक्सिमीटर जोडीला असू द्या, पण भिस्त त्याच्यावर नको. अलार्म केबिनमधल्या हवेचा दाब थेट मोजतो, म्हणून रक्तातला ऑक्सिजन फार उतरायच्या आधीच वाजतो. ऑक्सिमीटर परिणाम झाल्यावर सांगतो, बोटं गार पडली की चुकतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे बघायचं भान तुम्हालाच ठेवावं लागतं. हायपॉक्सियात नेमकं तेच भान जातं. उलट छान, हलकं वाटतं. २५,००० फुटांवर दाब गेला तर भानावर राहून काही करायला हातात जेमतेम ३ ते ५ मिनिटं असतात, ३५,००० वर अर्धं ते एक मिनिट.

घेताना एक बघा: तो शब्दांत सांगणारा असावा, किंवा त्याचा आवाज कॉकपिटमधल्या दुसऱ्या कशासारखाही नसावा. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये दाबाचा भोंगा वाजला होता. पण विमान टेकऑफसाठी नीट सज्ज नसल्याच्या इशाऱ्यासाठीही तोच भोंगा होता, आणि वैमानिकांचा गैरसमज झाला, असं ग्रीक चौकशी अहवाल सांगतो. विमानातले सगळे १२१ जण गेले. त्यामुळे अलार्म झाला की आधी ऑक्सिजन मास्क लावा, कारण नंतर शोधा.

मात्र एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला तर दाबाचा अलार्म गप्पच राहतो, आणि ऑक्सिमीटरही फसून नॉर्मल आकडा दाखवतो. पिस्टन इंजिन असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वेगळा लावा.