डिझेलचा बॉयलर पडवीत नको, ताई

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राजवळ आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. सहा खोल्यांत पर्यटक उतरतात. डिसेंबरात सगळ्यांना सकाळी एकाच वेळी गरम पाणी हवं असतं आणि सहा गिझर लागले की एमसीबी पडतो. एक विक्रेता डिझेलवर चालणारा गरम पाण्याचा बॉयलर मागच्या पडवीत बसवून देतो म्हणतो. शेजारीच, विहिरीच्या बाजूला, १,००० लिटरची डिझेलची टाकी ठेवू म्हणतो. आधी घराची काय तयारी करावी?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पडवीत नको. बाकीचं मागाहून बोलू, पण हे आधी पक्कं करून टाका.

माझी पंचवीस वर्षं लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर सांभाळण्यात गेली, पण खरा धडा मिळाला तो मावसभावाच्या घरी. त्याने असाच बर्नर मागच्या पडवीत बसवला होता. मे महिन्यात उत्तम चालला. जूनमध्ये झड आत यायला लागली, तशी दरवर्षीप्रमाणे पडवीला ताडपत्री बांधली गेली. मग माजघरात झोपणारी मावशी रोज सकाळी डोकं धरून उठू लागली, ओकाऱ्या होऊ लागल्या. घरच्यांना वाटलं पित्त झालंय, म्हणून आमसुलाचं सार देत राहिले. मी सहज गेलो होतो. बर्नरच्या काचेतून बघितलं तर ज्योत तांबूस, धुरकट. ताडपत्रीने हवाच अडवली होती. तिथल्या तिथे बर्नर बंद केला, ताडपत्री सोडली आणि मावशीला दवाखान्यात नेलं. ती वाचली.

एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतली तिसरा हिस्सा हवा. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तुमच्या घरात तर परकी माणसं, त्यांची लहान मुलं विश्वासाने झोपणार.

म्हणून मागच्या अंगणात, घरापासून आठ-दहा फूट सोडून वेगळी खोली बांधा. चिऱ्याच्या भिंती, लोखंडी अँगलवर पत्रा, लाकूड कुठेही नको. दार बाहेर उघडणारं. समोरासमोरच्या भिंतींत एक जाळी खाली, एक वर, प्रत्येकी फूटभर रुंद-उंच, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यांवर छज्जा. जाळी बुजवायची नाही, हे कामाच्या माणसांना बजावून ठेवा. जमिनीचा कोबा अंगणापेक्षा सहा इंच उंच घ्या, नाहीतर आषाढात बर्नर पाण्यात बसेल.

धुराडं कौलांतून काढू देऊ नका. वासे आणि रिपा वर्षानुवर्षं वाळलेल्या असतात. ते बाहेरून वर न्या, आढ्यापेक्षा किमान मीटरभर उंच. खाऱ्या हवेत साधा पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत सडतो. ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, महाग असलं तरी. तारांचे ताण तिन्ही बाजूंनी द्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्याने बघितलंय, त्यात किती पत्रे उडाले ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता टाकी. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. तुमचा हिशेब मांडून बघतो. सहा खोल्यांना रोज ५०० लिटर गरम पाणी धरू. ते २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जवळजवळ अडीच लिटर डिझेल लागतं. म्हणजे २०० लिटरचं एक पिंप अडीच महिने पुरेल. मग १,००० लिटरचा साठा घराशेजारी कशाला? कायद्याने एका भांड्यात १,००० आणि एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, हे खरं. पण कायदा चालवून घेतो म्हणून विहीर चालवून घेईल असं नाही. आपला जांभा सच्छिद्र. सांडलेलं डिझेल वाहून जात नाही, मुरतं, आणि मुरलेलं विहिरीला लागतं. एकदा पाण्याला वास आला की ती विहीर वर्षानुवर्षं हातची जाते.

तेव्हा पिंप विहिरीच्या उताराखालच्या अंगाला, होईल तितकं लांब. भोवती सिमेंटने आतून गिलावा केलेला कट्टा, १२० बाय १०० सेंटिमीटर, पाव मीटर उंच: सगळं पिंप फुटलं तरी तेल आतच राहील. कट्ट्याला भोक ठेवू नका, पण वर छप्पर हवंच, नाहीतर आपल्या पावसात तो दोन-तीन दिवसांत पाण्याने भरेल आणि तेलाला जागाच उरणार नाही. तेलाची तांब्याची नळी जमिनीवरून दिसेल अशी न्या, पुरू नका. ती खोलीत शिरते तिथे आग लागताच आपोआप बंद होणारा फायर व्हॉल्व्ह बसवून घ्या. तेलाचा हाती कॉक आणि विजेचा मेन स्विच, दोन्ही दाराबाहेर. वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचा डीसीपीचा (कोरड्या पावडरचा) सिलिंडर तिथेच.

वायरमनकडून स्वतंत्र अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, करून घ्या. जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, खड्ड्यात पाणी घालत जा. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी माणसाच्या अंगावर येणार नाही अशी जमिनीकडे वळवा. ६० अंशांचं पाणी पोराला भाजतं, म्हणून न्हाणीघरात गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सर नळ हवाच.

छपरावर सौर हीटर बसवलात तर दिवाळीपासून मेपर्यंत बर्नर क्वचितच पेटवावा लागेल. मी तुमच्या जागी असतो तर पैसे आधी तिकडे घातले असते.

बॉयलर चालू करायला तंत्रज्ञ येईल तेव्हा घर पावसाळ्यात असतं तसं बंद करा: ताडपत्र्या बांधून, खिडक्या लावून. तासभर बर्नर चालू ठेवा आणि जवळच्या झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचं मीटर धरायला लावा. आकडा शून्य दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि त्या खोलीत गजर वाजवणारं यंत्र कायमचं लावून ठेवा.