ससा ट्रे सोडून गादीवर लघवी करू लागतो तेव्हा

पाळीव प्राण्यांविषयीच्या या सदरासाठी या महिन्यात कोल्हापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सशांविषयीची आहेत आणि चारही पत्रांतील तक्रार मुळात एकच आहे : ट्रेमध्ये नीट जाणारा ससा अचानक बाहेर घाण करू लागला. म्हणून या वेळी अन्य विषय बाजूला ठेवून ही चार पत्रे एकत्र घेत आहे.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची राणी आता पाच महिन्यांची आहे. दीड महिन्याची असताना आणली, तेव्हा दुकानदाराने मादी असल्याचे सांगितले होते. दोन महिने ती अगदी शहाण्यासारखी ट्रेमध्येच जात होती. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र घरभर लेंड्या पडलेल्या असतात, आमच्या गादीवर आणि मुलाच्या दप्तरावर तिने लघवी केली आहे, शिवाय ती पायांभोवती गोल फिरत बारीक घूं-घूं असा आवाज करते. सासूबाई म्हणतात, केलेल्या जागी नाक घासून एक चापट द्यावी, म्हणजे लक्षात राहील. मी रोज फिनेलने फरशी पुसते आणि ट्रेमध्ये वखारीतला लाकडाचा भुसा घालते. त्याऐवजी गुऱ्हाळावरचे चिपाड चालेल का? नेमके काय चुकते आहे? — एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : आपले पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत आधी वयाकडे गेले. ससा साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात येतो आणि वयात आलेला ससा, मग तो नर असो की मादी, ‘ही जागा माझी आहे’ हे लेंड्या विखरून आणि लघवी शिंपडून सांगू लागतो. पायांभोवती गोल फिरणे आणि तो घूं-घूं आवाज ही त्याच काळाची खूण आहे. म्हणजे राणी शिकवलेले विसरलेली नाही. तिच्या शरीरात जे नवे सुरू झाले आहे, त्यापुढे शिकवणूक काही काळ मागे पडली आहे. आपल्या गादीवर आणि मुलाच्या दप्तरावरच लघवी होते, यालाही कारण आहे. घरातील माणसांचा वास जिथे सर्वांत गडद असतो, तिथेच तिला आपला वास मिसळावासा वाटतो.

राणी खरोखर मादी आहे का, हे एकदा पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे. दीड महिन्याच्या पिलाचे लिंग ओळखताना अनुभवी माणसाचीही चूक होते. नराचे वृषण सुमारे दहा ते बारा आठवड्यांनंतर खाली उतरतात आणि तोपर्यंत अनेक ‘राण्या’ घरोघरी वाढलेल्या असतात. माझ्या दवाखान्यात असे महिन्यातून एखाद्‌वेळी घडतेच. नर असो वा मादी, या वागण्यावरचा टिकाऊ उपाय निर्बीजीकरण हाच आहे. नराचे ते चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर आणि मादीचे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास करता येते. मादीच्या बाबतीत मी ते आग्रहाने सुचवतो, कारण न केल्यास वयाच्या चार-पाच वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, त्यांनी यापूर्वी सशांवर अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत का, हे नि:संकोच विचारावे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्यास कोणी सांगितले, तर पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी. कुत्र्या-मांजरांना भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात ते उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटी होऊच शकत नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहिले, की ते थांबण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतरही शरीरातील संप्रेरके उतरण्यास चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नये.

तोपर्यंत काय करावे? राणीला संपूर्ण घर मोकळे देऊ नये. एक खोली, किंवा जाळी लावून खोलीचा एक भाग एवढेच तिचे घर ठेवावे आणि शयनगृहाचे दार बंद असावे. आठ-दहा दिवस त्या जागेत चूक झाली नाही, की हद्द थोडी वाढवावी. या हद्दीत ती स्वत:हून जो कोपरा निवडेल, तिथेच ट्रे ठेवावा. आपल्याला सोयीचा कोपरा आणि तिच्या मनातला कोपरा यांत तिचाच जिंकतो, त्यामुळे याबाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही. ट्रे म्हणून अनेक जण प्लास्टिकचे घमेले वापरतात. त्यापेक्षा चौकोनी, पसरट टब बरा. ससा लघवी करताना कसा बसतो ते एकदा निरखून पाहावे : तो मागे सरकत पाठीचा भाग कोपऱ्यात टेकवतो, शेपूट वर उचलतो आणि क्षणभर अगदी स्तब्ध होतो. गोल घमेल्यात त्याला तो कोपराच मिळत नाही. टब एवढा मोठा हवा, की त्यात तिला अंग लांब करून बसता यावे आणि सहज वळता यावे. शेपूट उचललेली दिसली, की ओरडू नये. दोन्ही हातांनी, मागील पायांना आधार देऊन तिला अलगद उचलावे आणि टबमध्ये ठेवावे.

टबच्या तळाशी वर्तमानपत्राचे जाड थर घालावेत आणि त्यावर वाळलेले गवत पसरावे. शिवाय टबच्या एका टोकाला, तिचे तोंड पोहोचेल अशा बेताने, खाण्याच्या स्वच्छ गवताची जुडी बांधावी. ससा गवत चघळता चघळताच लेंड्या टाकतो, म्हणून खाणे आणि ट्रे एकमेकांपासून दूर ठेवले, की आपणच त्याला दोन जागांत विभागून टाकतो. हा एक बदल इतका परिणामकारक आहे, की मी प्रत्येक सशाच्या पालकाला तो पहिल्याच भेटीत सांगतो. भाताचे पिंजर तळाला अंथरण्यास चालते, मात्र आहार म्हणून त्यावर विसंबू नये. पावसाळ्यात आपल्याकडे गवत आणि पिंजर दोन्ही लवकर दमट होतात. कुबट वास आला किंवा करडी-काळी बुरशी दिसली, तर तो भारा सरळ टाकून द्यावा.

वखारीतला भुसा बंद करावा. त्याची बारीक धूळ सशाच्या नाकात आणि फुप्फुसांत जाते आणि देवदार, चीड यांसारख्या लाकडांतील उग्र वासाची द्रव्ये त्याला अपायकारक असतात. चिपाडाविषयीही माझे उत्तर नाही असेच आहे. ओले साठवलेले चिपाड आतून तापते, त्यात बुरशीसारखे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्याच्या धुळीने माणसालासुद्धा फुप्फुसांचा विकार जडू शकतो. मग ज्याचे नाक दिवसभर जमिनीपासून बोटभर उंचीवर असते, त्या प्राण्याला ते कसे मानवेल? मांजरांसाठी मिळणारी, ओली झाल्यावर गोळा होणारी माती तर मुळीच नको. सशाने ती खाल्ली, तर पोटात तिचाच गोळा होतो.

फिनेलही थांबवावे. फिनेलच्या वासाने माणसाचे समाधान होते. सशाला मात्र त्याखालचा लघवीचा वास येतच राहतो आणि जंतुनाशक लागलेले पाय तो चाटतो, हे वेगळेच. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून डाग पुसावा. फरशी शहाबादी किंवा संगमरवरी असेल, तर मात्र व्हिनेगर लावू नये, कारण आम्लाने त्या दगडाची झिलई जाते. तिथे कोमट पाणी आणि साधा साबण वापरावा. याउलट ट्रे चकचकीत धुण्याचा मोह आवरावा. ओला कागद रोज बदलताना लघवीने भिजलेला एक तुकडा आणि चार लेंड्या नव्या थरावर मुद्दाम ठेवाव्यात. जागेची ओळख तिला त्यातूनच पटते.

आता सासूबाईंच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, हे मला समजते. परंतु ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. आपला हात अंगावर आला, की त्याला चुकीची जाणीव होत नाही, आपल्या हाताची भीती मात्र बसते. त्यानंतर तो ट्रेकडे जाण्याऐवजी पलंगाखाली जातो आणि तिथे तो काय करतो, हे आपल्याला आठ दिवसांनी वासावरून कळते. त्यामुळे चापट नको, नाक घासणेही नको.

अपेक्षेविषयीही स्पष्ट बोललेले बरे. लघवीची सवय पक्की होते. लेंड्या मात्र उत्तम शिकलेल्या सशाच्याही ट्रेभोवती दोन-चार सांडतात. निरोगी ससा दिवसाला 200 ते 300 लेंड्या टाकतो आणि त्या कोरड्या असल्याने केरसुणीने सहज गोळा होतात. पहाटे मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखा पुंजका दिसला, तर तो अतिसार समजू नये. ती पोषणाची विष्ठा असते आणि ससा ती एरवी थेट गुदद्वारातूनच खातो. असे पुंजके वरचेवर पडून राहू लागले, तर खुराकातील गोळ्या आणि गोड फळे कमी करून गवत वाढवावे.

प्रश्न : आमचा मोती सहा वर्षांचा आहे. आयुष्यात कधी ट्रेबाहेर गेला नाही. दोन आठवड्यांपासून तो ट्रेच्या अगदी शेजारी लघवी करतो आणि त्यातच बसून राहतो. मागची बाजू ओली असते. फरशीवर वाळल्यावर पांढरी पूड उरते. आम्ही त्याला रोज ताजा लसूणघास घालतो. त्याला पुन्हा कसे शिकवावे? — एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : गुरुजी, मोतीला शिकवण्याची गरज नाही. त्याला तपासण्याची गरज आहे आणि तीही याच आठवड्यात. सहा वर्षे न चुकलेला प्राणी ट्रेपर्यंत येतो आणि आत न जाता शेजारीच लघवी करतो, तेव्हा त्याला जायचे असते, पण जमत नाही, असाच अर्थ मी घेतो. या वयात पाठीच्या आणि मागील पायांच्या सांध्यांची झीज सुरू होते आणि चार बोटे उंचीचा काठ ओलांडणेही दुखते. ट्रेची एक बाजू कापून जमिनीपासून दोन बोटे एवढीच ठेवावी, कापलेली कड घासून बोथट करावी आणि गुळगुळीत फरशीवर ट्रेपर्यंत सतरंजीची पट्टी अंथरावी, म्हणजे पाय घसरणार नाहीत.

दुसरी शंका मूत्राशयाची आहे. ससा अन्नातील कॅल्शियम इतर प्राण्यांच्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे थोडी गढूळ लघवी ही त्याच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. परंतु घट्ट, चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखी लघवी किंवा वाळल्यावर उरणारी जाड पूड म्हणजे मूत्राशयात गाळ साठत असल्याची शक्यता असते. लघवीची तपासणी आणि क्ष-किरण चित्र यांतून गाळ, खडा आणि सांध्यांची अवस्था हे सारे एकाच वेळी कळते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते. दुभत्या जनावरांना आणि वाढत्या पिलांना तो उपयोगी असला, तरी मोतीसाठी तो बंद करून साधे वाळलेले गवत द्यावे. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवावे, कारण वाडग्यातून ससा अधिक पाणी पितो.

ओल्या मागच्या बाजूकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात माश्या अशा ओल्या केसांत अंडी घालतात, एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि त्या जिवंत सशाची कातडी पोखरतात. दिवसातून दोनदा केस बाजूला सारून पाहावे आणि ती जागा पुसून कोरडी ठेवावी. एकही अळी दिसली, तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांना तत्काळ फोन करावा. मोती कुंथत असेल आणि लघवी होतच नसेल, किंवा दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नसेल, तरीही हेच करावे.

प्रश्न : आमच्या सशाने गादीवर केलेली लघवी विटकरी लाल होती. रक्त असेल का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : बहुधा नसावे. पालेभाज्या, गाजर, बीट यांतील रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळ्यापासून विटकरी लालपर्यंत कोणत्याही रंगाची होऊ शकते आणि दोन दिवसांत पूर्ववत होते. संपूर्ण लघवी एकसारखी रंगीत असेल, तर थांबून पाहावे. पांढुरक्या लघवीत लाल धागे, गुठळ्या किंवा शेवटी रक्ताचे थेंब दिसले, तर लघवी तपासून घ्यावी. ससा मादी असेल आणि निर्बीजीकरण झालेले नसेल, तर मात्र वाट न पाहता तपासावे, कारण हे रक्त गर्भाशयातून येत असू शकते.

प्रश्न : आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. पंचगंगेचे पाणी वाढले, की 2019 आणि 2021 चे महापूर आठवून आम्ही लगेच नातेवाइकांकडे जातो. या वेळी आठ दिवस राहून परतलो, तेव्हापासून आमचा तीन वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला ससा ट्रेकडे फिरकतच नाही. त्यांच्याकडे कुत्रा होता. — एक कुटुंब, शुक्रवार पेठ

उत्तर : आधी एकदा तपासणी करून घ्यावी, कारण ताणामुळेही सशाचे खाणे मंदावते. तपासणीत काही निघाले नाही, तर हे घाबरण्यातून आले आहे असे समजावे. आठ दिवस कुत्र्याच्या वासात काढलेल्या सशाला घरी परतल्यावर आपले घरही परके वाटते, त्यात परत येताच आपण सारे घर आणि ट्रेही धुऊन काढला असणार. त्याला आठवडाभर एकाच शांत खोलीत ठेवावे, तिथे दोन ट्रे द्यावेत आणि त्याच्या ताज्या लेंड्या दोन्हींत टाकाव्यात. कुत्र्याच्या संपर्कात आलेली चादर, पिशवी, सतरंजी धुऊन घ्यावी. खाणे, ट्रे बदलणे, मोकळे सोडणे यांच्या वेळा पूर्वीच्याच ठेवाव्यात. पुढच्या पावसाळ्यात घर सोडावे लागले, तर वापरातला ट्रे न धुता, आतल्या गवतासकट प्लास्टिकच्या पोत्यात घालून बरोबर न्यावा आणि नव्या जागी पोहोचताच, सामान सोडण्याआधी, कोपऱ्यात मांडावा.