गणपतीत पाहुणे आणि घरचा कुत्रा

पाच दिवसांचा घरचा गणपती, रोज पंधरा-वीस माणसं जेवायला आणि आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर हा गोंधळ पहिल्यांदाच बघणार. त्याला बांधून ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. बांधायचं तर बांधा, पण खरं सांभाळायचंय ते पाहुण्यांना. चौदा वर्षांत आमच्याकडे तीन कुत्री झाली. चोरून खाल्लं म्हणून दवाखाना गाठावा लागला तो एकदाच, तोही मक्याचं अख्खं बुरकुंड गिळल्यामुळे. बाकी प्रत्येक वेळी कुणीतरी मायेनं भरवलेलं होतं.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायण होता. आत्यांनी "देवाचा प्रसाद बाधतो होय?" म्हणत शिऱ्याचा गोळा आमच्या कुत्र्यापुढे, बंड्यापुढे धरला. आम्ही सांगलीचे, शिऱ्यात बेदाणे मुठीनं पडतात. रात्री तो दोनदा ओकला, सकाळी पाण्यालाही तोंड लावेना. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडन्यांना त्रास झालेला. तीन दिवस सलाईन लावून वाचला.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. किती खाल्लं तर चालेल याचा हिशोबच नाही. एखादा मूठभर खाऊन हुंदडतो, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. 2021 पासून संशय आहे तो टार्टरिक आम्लावर. तेच चिंचेत भरपूर असतं, म्हणून अळूची भाजी आणि चिंच-गुळाची आमटीही नकोच. खिरापत, शिरा, बेदाणे घातलेलं सारण, पुढे दिवाळीत चिवडा, सगळीकडे आधी बेदाणे आहेत का ते बघा. पोटात गेलेच तर लक्षणांची वाट बघत बसू नका. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टरांकडे नेलं तर इंजेक्शन देऊन ओकवता येतं. लघवी कमी होते ती पुढच्या एक-तीन दिवसांत, आणि तोवर उशीर झालेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रकार अजिबात करू नका. त्या मिठानंच जीव जाऊ शकतो.

कांदा-लसूण शिजवला तरी त्याचं विष जात नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गौरीला तुमच्याकडे मटणाचा नैवेद्य असेल तर वाटणातला रस्सा आणि शिजलेली हाडं, दोन्ही बंद. शिजलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि आतड्यात रुततात. कुणी शुगरफ्री मिठाई किंवा चॉकलेट आणलं तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. त्यानं अर्ध्या तासात कुत्र्याची साखर धाडकन उतरू शकते. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. तळणीचं समजा एकदम बरंच खाल्लं, तर एक-दोन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते: पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून बसतो, पोटाला हात लावू देत नाही.

बांधण्याबद्दल म्हणाल तर पंगतीच्या वेळी आतल्या खोलीत, त्याच्या अंथरुणावर, पंखा चालू ठेवून राहू दे. मात्र आरतीला झांजा सुरू व्हायच्या आधीच आत न्या, घाबरल्यावर नव्हे. फाटक उघडं टाकणारे पाहुणे असतातच, म्हणून पट्ट्याला फोन नंबर लावून टाका. सुट्टीत कुठला दवाखाना उघडा राहणार तेही आजच विचारून ठेवा.

आता पाहुणे. "काही देऊ नका" असं सांगून मोठी माणसं ऐकत नाहीत, वर घरात रुसवेफुगवे. मी नाही म्हणायचं सोडून दिलं. सकाळीच बिनमिठाचा लाल भोपळा आणि गाजर उकडून बारीक फोडी करते. कुणी ताटातलं उचलून "ये रे" म्हणालं, की त्यांच्या हातात फोडींची वाटी देते, "हा त्याचा प्रसाद." दिवसभरात मिळून एकच वाटी, नाहीतर त्यानंही पोट बिघडतं. आत्या आता चपला काढता काढताच विचारतात, "माझी वाटी कुठाय?"